दात चांगला आहे

पंचवीस वर्षं मी कंधार-लातूर गाडीवर कंडक्टर होतो. त्या नोकरीत एकच गोष्ट शिकलो, समोरचा सांगतो ते खरं नसतं. "पोरगं चार वर्षांचं हाय," असं बाई म्हणाली की मी पोरालाच विचारायचो, "कितवीत हायस बाबा?" ते फुशारकीनं सांगायचं, "तिसरीत!" की फाडलंच तिकीट. हा किस्सा बायकोनं माझ्या तोंडून शंभरदा ऐकलाय.

रिटायर झालो अन् उजव्या गालात पहिली कळ आली. कळ कसली, करंटच! दाढी करताना ब्लेड गालाला टेकलं की डोळ्यांपुढं अंधारी. चार-पाच सेकंदांत सगळं गायब. वारा लागला, घास चावला की पुन्हा. बायको म्हणाली, "ऊन बाधलं असंल." मला वाटलं, हिला माझ्या दुखण्याचं काही पडलेलंच न्हाई.

कंधारच्या दातांच्या डॉक्टरनं दात ठोकून पाहिले, एक्स-रे काढला. म्हणाला, "काका, दात चांगला आहे. चेहऱ्याची शीर दुखत असेल. नांदेडला शिरांच्या डॉक्टरला दाखवा."

झालं! नांदेडवाल्याशी ह्याचं साटंलोटं असणार, हे मी तिथंच ओळखलं. "काढ म्हणतो तर काढ की!" मी टेबलावर हात आपटला. तो काढेना.

मग मी लातूर गाठलं. एक्स-रे मुद्दाम घरीच ठेवला. तिथल्या डॉक्टरनं दातावर ठोकून विचारलं, "दुखतं?"

"लई!" मी ओरडलो. खरं तर काहीच दुखत नव्हतं. त्या भल्या माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला अन् दात काढला. आठ दिवसांत कळ परत. ह्यानं चुकीचाच उपटला, असं म्हणत पुन्हा गेलो, पुन्हा "लई" म्हणालो अन् शेजारचाही काढवून घेतला.

तिसऱ्या खेपेला बायको आडवी आली. तिनंच मला नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी सगळं ऐकलं. ही दातांची न्हाई, शिरेची कळ, असं सांगून त्यांनी विचारलं, "ठोकल्यावर खरंच दुखायचं का?" बायको शेजारीच होती. मी मान खाली घालून "न्हाई" म्हणालो. लाजेनं मेल्यासारखं झालं.

त्यांनी शिरेसाठी दिलेल्या गोळ्या फिट येणाऱ्यांनाही देतात असं कळलं, म्हणून त्या गोळ्यांवरही मी संशय घेतलाच, पण बायको समोर उभी राहून गिळायला लावायची. महिनाभरात कळ थांबली. दात मात्र गेले ते गेलेच.

काल ज्वारीची कडक भाकर होती. बायकोनं विचारलं, "चावतंय का?"

"चावतंय की."

ती रोखून बघत राहिली. मग माझ्याच आवाजात म्हणाली, "कितवीत हायस बाबा?" अन् ताटातली भाकर उचलून दुधात कुस्करायला लागली.