रंगाखालची टिंबं

माझे थोरले दीर जहाजांवर नावं रंगवायचे. घुम्या माणूस. मी म्हणायचे, "भावजी, तोंडालाही रंगाचा हात मारलाय का?" नुसते हसायचे.

माझा नवरा मासेमारीच्या जहाजावर होता. दोन वर्षांपूर्वी कंपनीचा माणूस सांगून गेला, जहाज बुडालं, कोणी वाचलं नाही. रडून घेतलं आणि धक्क्यावर मासे निवडायला लागले. दुसरं काय करणार होते?

त्या दुपारी भावजींचा डबा घेऊन गेले. ते एका परक्या जहाजाच्या मागच्या अंगाला, दोरांनी टांगलेल्या फळीवर बसून जुनं नाव खरवडत होते. असली जहाजं बंदी असलेल्या पाण्यात मासे मारतात आणि पकडायच्या आत नाव बदलतात. खलाशांना जमिनीवर पाय ठेवू देत नाहीत.

भावजींचा हात थांबला. अक्षरं सरळ यावीत म्हणून ते पत्र्यावर आधी छिन्नीनं बारीक टिंबं मारायचे. ही खोड दुसऱ्या कोणाला नव्हती. खरवडलेल्या रंगाखाली तीच टिंबं होती, त्याहूनही जुन्या नावाची. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, ऊन लागलं.

"आटप लवकर," वरून मुकादम खेकसला. "संध्याकाळी निघायचंय."

"लिहितोय," भावजी म्हणाले. नव्या नावाचा कागद त्यांनी खिशात कोंबला आणि टिंबांवरूनच ब्रश फिरवायला लागले. मुकादमाला वरून फक्त त्यांची टोपी दिसत होती. अक्षरं दिसत होती धक्क्यावरच्या आम्हा बायांना.

तिसऱ्या अक्षराला माझ्या हातून डबा पडला. माझ्या नवऱ्याच्या जहाजाचं नाव. मासे निवडणाऱ्या बाया एकेक करून उठल्या. आमच्यातल्या चौघींचे नवरे याच जहाजाबरोबर बुडाले होते. एक बंदराच्या साहेबाला आणायला धावली. बाकीच्या आम्ही जहाज बांधलेल्या दोरांवर जाऊन बसलो.

मुकादमानं वाकून पाहिलं आणि फळीचा दोर सोडला. भावजी ब्रशासकट पाण्यात पडले. पण शेवटचं अक्षर झालं होतं.

साहेबानं खालच्या खोलीचं कुलूप फोडायला लावलं. माणसं उतरली, हाडांचे सापळे नुसते. तिघींना आपापला माणूस मिळाला. माझ्यासमोर एक म्हातारा खलाशी थांबला.

"वहिनी, पाच महिने झाले. ताप होता, तरी जाळ्यावर उभा केला त्याला."

पाच महिने. म्हणजे मी कुंकू पुसलं तेव्हा तो जिवंत होता, आणि पुढे दीड वर्ष होता.

भावजी ओल्या कपड्यांनी शिडीपाशी उभे होते. शेवटचा माणूस उतरला, तरी ते वर बघत उभेच राहिले.