पर्सीची गोगलगायींची शाळा

पर्सीने बत्तीस वर्षं वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात टाइमकीपरी केली. म्हणजे लोक येऊन कार्ड पंच करत आणि पर्सी घड्याळाकडे बघे. एवढ्या भांडवलावर "सहाशे माणसांना शिस्त लावली मी, सहाशे!" ही त्याची रोजची रेकॉर्ड. त्याची बायको लुसी ती कांदा चिरता चिरता ऐके आणि कांद्यालाच नाक मुरडे.

रिटायर झाल्यावर त्याने चरईतल्या घरामागे मुळ्याचा वाफा केला. मुठीएवढ्या गोगलगायींनी तो दोनदा फस्त केला. तिसऱ्यांदा पेरल्यावर पाला नुकता वर आला होता.

"सोड ना, डॅडी," मुलगा मेलरॉय म्हणाला. "लादी टाकू, गाडी लावू."

पर्सीचा चेहराच उतरला. "मना पंधरा दिवस दे. शिकवतो मी त्यांना."

"कोणाला? गोगलगायींना?"

"मोबाइलवर वाचलंय. एकदा कडू लागलं की लक्षात ठेवतात. तुझ्यापेक्षा बऱ्या!"

लुसीने निकाल दिला: पंधराव्या दिवशी पाला शाबूत दिसला तर वाफा राहील, नाही तर लादी.

शाळा भरली. संध्याकाळी गुडघ्यांना निलगिरीचं तेल चोळून, तसल्याच हातांनी पर्सी बादलीत पकडून ठेवलेल्या बारा गोगलगायी फरशीवर मांडी. पुढ्यात कडुनिंबाच्या रसात बुडवलेला मुळ्याचा पाला. "थुंक! थुंक म्हणतो ना!" त्या शिंगं आत घेत. मग बिचाऱ्या उपाशी राहतील म्हणून हा स्वतःच्या हाताने पपईची सालं भरवी.

"सहाशे माणसांना पण भरवायचास काय रे?" लुसी खिडकीतून विचारी.

पंधराव्या दिवशी पर्सी इस्त्रीचा शर्ट घालून वाफ्याशेजारी खुर्ची टाकून बसला. गोगलगायी सोडल्या. त्या मुळ्यापाशी गेल्या, थबकल्या आणि वळल्या.

"बघ, लुसी! बघ!"

वळल्या त्या थेट खुर्चीकडे. चप्पल, घोटा, नडगी. एक तर पँटच्या आतून निघाली.

"ए, ए! मागे हो! लायनीत!"

मेलरॉय हसून हसून खाली बसला.

"मुळा कडू आणि तेलाचा वास आला की पपई," लुसी म्हणाली. "हेच शिकवलंस तू. हेडमास्तर म्हणे!"

"पण पाला शाबूत हाय ना?" एका हाताने गुडघ्यावरची गोगलगाय उपटत पर्सीने विचारलं.

पाला शाबूत होता. लुसीला डोळ्यांपुढे दिसलं: लादी पडलीय आणि हा माणूस दिवसभर ओट्याशी उभा राहून कुकरच्या शिट्ट्या मोजतोय, तिला शिस्त लावतोय.

"मेलरॉय," ती घाईने म्हणाली, "लादीवाल्याला नको म्हणून सांग."