डब्यातल्या कॉफीचा वास

आमच्या घरात चहा आणि कॉफीचं भांडण माझ्या जन्माआधीपासूनचं. अप्पा साताऱ्याकडचे, नोकरीपायी बेंगळुरूला आलेले, आल्याचा चहा पोटात गेल्याशिवाय कुणाशी धड न बोलणारे. आई इथलीच, मल्लेश्वरममधल्या जुन्या मराठी घरातली, निम्मं वाक्य मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवणारी. "अय्यो, त्या उकळलेल्या पाल्यात काय चव असते हो?" असं ती रोज म्हणायची आणि अप्पा रोज म्हणायचे, "तुझ्या जळक्या काढ्यापेक्षा बरी." मी कॉफी चाखायचीच नोकरी धरली तेव्हा अप्पा चार दिवस मला "फितूर" म्हणूनच हाका मारत होते.

ही नोकरी होसकोट्याकडच्या एका कारखान्यात. डोंगरातल्या मळ्यांतून आलेलं कॉफीचं बी तिथं सोलून, निवडून पोत्यांत भरतात आणि परदेशी पाठवतात. टेबलावर कप मांडलेले असतात. मी प्रत्येकातली चमचाभर कॉफी फुर्रकन ओढायची, तोंडात घोळवायची, थुंकायची आणि सांगायचं, ही जाईल, ही नाही. हे सगळं खरं तर नाकाचं काम, जीभ नुसती सोबतीला. आई माझी नक्कल करून पाहुण्यांना हसवायची. "असं आवाज करून प्यायलं की आमच्याकडं पाठीत धपाटा मिळायचा. हिला पगार मिळतो!"

नमुन्यांतलं उरलेलं कच्चं बी मी घरी आणायची. मूठभर या मळ्याचं, मूठभर त्या मळ्याचं. आई ते सगळं लोखंडी कढईत एकत्र भाजायची आणि वर चमचाभर तूप सोडायची. मला बघवायचं नाही. "आई, अगं जाळतेस तू! आणि सगळी सरमिसळ कशाला करतेस?"

"सरी, बिडु," म्हणजे असू दे गं. "पोटात गेल्यावर कुठं वेगळं राहतंय?"

मग ती ते दळायची आणि कोमट असतानाच मोराचं चित्र असलेल्या पत्र्याच्या डब्यात भरायची. त्यामुळे दर खेपेची कॉफी वेगळी. एकदा संपली की तसली पुन्हा होणे नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही तिघंही आजारी पडलो. एका सकाळी मी तापात पडून होते आणि स्वयंपाकघरातून कढईत उलथनं फिरल्याचा आवाज येत होता. तापातसुद्धा बाई बी भाजत होती! दारातून निळसर धूर माझ्या खोलीत आला, डोळे चुरचुरले, आणि वास मात्र आला नाही. जराही नाही. माझं नाक गेलंय हे मला तेव्हा कळलं.

दोन दिवसांनी आईला धाप लागली. अँब्युलन्स आली, ती स्वतःच्या पायांनी जिना उतरली आणि खालूनच ओरडली, "दूध वर ठेवलंय गं, उतू जाईल!" ती परत आली नाही. आम्हाला तिला बघूही दिलं नाही.

डबा भरलेला होता. त्यात तिच्या हातचं शेवटचं, भाजून दळलेलं बी होतं, आणि त्याचा वास मी एकदाही घेतलेला नव्हता.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. कॉफीचं बी अख्खं असलं तर बरेच दिवस दम धरतं. एकदा दळलं की मात्र ते घटका मोजायला लागतं. हवा लागली की वास उडतो, झाकण उघडलं की उडतो, नुसतं ठेवलं तरी थोडा थोडा उडतच राहतो. कारखान्यात नेऊन पाकीटबंद करावं, तर एका डब्यातून दुसऱ्यात ओततानाच किती जाईल! म्हणून मी झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळली, मोर भिंतीकडे करून डबा मागे सरकवला आणि अप्पांना बजावलं, "याला हात लावायचा नाही." माझं नाक आधी येतं की डब्यातला वास आधी जातो, एवढंच आता बघायचं होतं. मला ते नाक हवं होतं ते नोकरीसाठी नव्हे, आईसाठी. देवाशपथ सांगते, नोकरी गेली असती तर चाललं असतं.

डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी हुंगायला सांगितली. मी इमानदारीत हुंगत होते आणि लवंगेच्या जागी काहीच येत नव्हतं. गणपतीच्या सुमाराला नाक जागं झालं, पण वेडंवाकडं. कांदा सडल्यासारखा. साबण करपल्यासारखा. आणि कॉफी? कॉफीला टायर जाळल्याचा वास यायचा, आणि त्याच्या मागून चिखलाचा. असं पुष्कळांना होतं म्हणे.

साहेब भला माणूस. त्यांनी मला काढलं नाही, कारखाना बघायला येणाऱ्या पाहुण्यांना कॉफीचा इतिहास सांगायच्या कामावर घातलं. ज्या बाईला कॉफी म्हणजे टायर, तिनं कॉफीचे गोडवे गायचे! मी वाचायला बसले, आणि वाचता वाचता मला वाटायला लागलं की माझं नाक बिघडलेलं नसून आत्ताच कुठे खरं हुंगायला लागलंय.

पाहुण्यांना आवडायची ती फकिराची गोष्ट. अरबांनी म्हणे बी बाहेर जाऊ नये म्हणून ते उकडून, भाजूनच विकायचं धोरण ठेवलं होतं. हजहून परतणाऱ्या एका फकिरानं सात जिवंत बिया अंगावर लपवून आणल्या आणि आपल्या डोंगरात लावल्या. लोक टाळ्या वाजवायचे. पुढचं सांगायला लागले की मोबाईल काढायचे. पुढे कॉफी जहाजातून जावा बेटावर गेली, वेस्ट इंडीजला गेली, ब्राझीलला गेली, आणि तिच्यासाठी आफ्रिकेतून बेड्या घालून माणसं नेली. युरोपात लोक कॉफीच्या दुकानांत बसून स्वातंत्र्यावर वाद घालत होते, आणि त्या कपातली साखर आणि कॉफी दोन्ही गुलामांच्या हातची होती. ब्राझीलमध्ये एकदा भाव इतका पडला की पोतीच्या पोती जाळली, समुद्रात लोटली. कामगारांची पोटं रिकामी आणि कॉफीच्या होळ्या पेटलेल्या. ते वाचताना माझ्या नाकात जो जळका वास भरला तो दिवसभर गेला नाही. तो धूर अजून कुठेतरी फिरतोय आणि मलाच सापडलाय, असं काहीबाही मनात यायचं.

सिलोनची गोष्ट मी घरी अप्पांना सांगितली. डोंगरांवरची जंगलं साफ करून इंग्रजांनी नुसती कॉफीच कॉफी लावली. मग पानांवर तांबेरा आला. नारिंगी भुकटी, एका झाडावरून दुसऱ्यावर. मळेच्या मळे उजाड झाले, तमिळ मुलखातून नेलेले मजूर वाऱ्यावर पडले, आणि त्याच उतारांवर मालकांनी चहा लावला.

अप्पा कपातून वर बघत म्हणाले, "म्हणजे शेवटी चहाच जिंकला की!" आणि सवयीनं त्यांनी मान वळवली. ज्या खुर्चीतून उत्तर यायचं ती रिकामी होती.

चिखलाच्या वासाचं मात्र मला कुणी वेगळं सांगायला नको होतं. डब्यातल्या सरमिसळीत एक मूठ अशा मळ्याची होती, जिथं मी स्वतः जाऊन आले होते. जुन्या फणसाची, उंबराची सावली तोडून तिथं लाकडाच्या पैशासाठी सरळसोट सिल्व्हर ओक लावले होते. बी धुतल्याचं आंबट पाणी खालच्या ओढ्यात सोडलेलं. बी तोडायला लांबून आलेल्या बायका खाली पडलेलं, डागी बी उकळून गुळाची काळी कॉफी पीत होत्या, चांगलं सगळं आमच्या कारखान्याकडे. त्यांनी मलाही दिली होती, आणि चांगली होती हो! पुढच्या पावसात त्या उताराची एक बाजू दरड होऊन खाली आली. बायका तेव्हा गावी गेलेल्या होत्या असं कुणी म्हणालं. सगळ्याच गेल्या होत्या का, ते मला कुणी सांगू शकलं नाही. तो उतार आता नाही. त्याचं मूठभर बी आमच्या ओट्यावर, मोराच्या डब्यात.

आणि तो मोर फिरायला लागला.

मी त्याला भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. संध्याकाळी कामावरून यावं तर तो बाहेर बघतोय. आई नेहमी ठेवायची तसा. पहिल्यांदा वाटलं, मीच विसरले. पुन्हा फिरवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर, आणि चिकटपट्टी जशीच्या तशी. मी शिकलेली बाई, भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण मानेवरचे केस उभे राहिले ते राहिलेच. पहाटे कढईचा आवाज आल्यासारखा वाटायचा. मी अंथरुणातच पडून म्हणायची, आई, तू असशील तर ये बाई, पण झाकण उघडू नकोस.

एके सकाळी कारखान्याची बस रस्त्यातच बंद पडली आणि मी घरी परतले. किल्लीनं दार उघडलं. गॅसवर अप्पांचा चहा उकळत होता. अप्पा ओट्यापाशी डोळे मिटून उभे होते, आणि त्यांचं नाक मोराच्या डब्यात होतं.

मी काय किंचाळले! "हात लावू नका म्हटलं होतं ना? उघडलं की उडतं ते! रोज उघडताय? रोज?"

चहा उतू गेला. अप्पांनी घाईघाईनं झाकण लावलं, चोरी पकडल्यासारखं. "इतकी वर्षं याच वासानं जाग यायची गं मला," ते म्हणाले. "तू गेलीस की पट्टी सोडवून एकदाच उघडतो, पुन्हा तशीच गुंडाळतो. नाहीतर उठूनसुद्धा उठल्यासारखं वाटत नाही."

मला एवढा राग आला होता आणि तो कुणावर काढू ते कळेना. मी खाली बसले आणि रडले. मग नाक पुसत विचारलं, "कसा येतो? सांगा तरी."

जन्मभर कॉफीला नावं ठेवलेला माणूस. बराच वेळ शब्द जुळवत राहिला. "आधी धूर येतो. मग तूप. मग… ती कढईवर वाकायची, तेव्हा पदराला यायचा ना, तसा."

तेव्हापासून ठरलं, फक्त रविवारी उघडायचं. अप्पा हुंगणार आणि मला सांगणार. माझ्या हुंगण्यात मला टायर आणि चिखलच यायचा, म्हणून मी डबा जवळही घेत नव्हते. "आज तुपाचा जास्त येतोय," ते म्हणायचे. कधी म्हणायचे, "आज धुराचा." मी डोळे मिटून ऐकायची. खोटं कशाला बोलू, तो आठवड्यातला माझा एकमेव सुखाचा क्षण होता.

उन्हाळा लागला. एका दुपारी पाहुण्यांना घेऊन भाजायच्या खोलीत शिरले आणि बोलता बोलता थांबले. वास आला. खरा, गोडसर, भाजलेल्या बीचा, जसा असायला हवा तसा. मी बशी उचलून दुसरा नमुना हुंगला, तिसरा हुंगला. बरोबर! सगळं बरोबर! पाहुणे बघतच राहिले. मी अर्धा दिवस टाकून घरी पळाले.

"अप्पा, नाक आलं!" मी दारातूनच ओरडले आणि थेट ओट्याकडे गेले. चिकटपट्टी ओढून काढली. अप्पा शेजारी येऊन उभे राहिले. मी झाकण उघडलं आणि श्वास घेतला.

जुन्या पुठ्ठ्याचा वास आला. तळाशी किंचित खवट, तुपाचा. हा वास मी कामावर कितीदा ओळखलाय, आणि ओळखून कप बाजूला सारलाय. नाक अगदी लख्ख होतं, शंकेला जागाच नव्हती. तिचं त्यात काहीसुद्धा उरलं नव्हतं. मी डबा तसाच धरून उभी राहिले.

"एक सांगू?" अप्पा हळूच म्हणाले. "मला संक्रांतीपासूनच काही येत नाही त्यात. तू हिरमुसशील म्हणून मी आपलं सांगत होतो, तुपाचा येतोय, धुराचा येतोय. म्हटलं, हिचं नाक आलं की कळेलच." ते माझ्याकडे बघत राहिले. "तू यातली जाणकार. खरं सांग. डब्यातलं संपलं, की माझं नाक गेलं?"

मी आजवर एकही वाईट कप पास केलेला नाही.

"आहे, अप्पा," मी म्हणाले. "चांगला भरपूर आहे."

त्यांचे खांदे एकदम सैल पडले. कितीतरी दिवसांनी ते मोकळेपणी हसले. "मग काही हरकत नाही," ते म्हणाले. "माझंच नाक गेलं म्हणायचं." आणि त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला, मोर बाहेरच्या बाजूला केला, आणि उरलेला वास उडू नये म्हणून दोन्ही अंगठ्यांनी झाकण गच्च दाबून बसवलं.