माझी बहीण गोल राखते

माझी धाकटी बहीण फुटबॉल खेळते. ती गोलकीपर आहे आणि तोच तिचा पोटापाण्याचा उद्योग आहे. हे मी कंपनीत सांगितलं आहे, जांब्यात जिथं मी खोली घेऊन राहते तिथल्या घरमालकिणीला सांगितलं आहे, कारण नसताना रिक्षावाल्यांनाही सांगितलं आहे. बहुतेक जण विचारतात, "म्हणजे शाळेत खेळ शिकवते का?" मग मी सावकाश सगळं सांगते. एका क्लबशी तिचा करार आहे. ती परराज्यातल्या एका शहरात राहते, सकाळी सराव करते, दुपारी सक्तीनं झोपते आणि सामन्याच्या दिवशी दोन खांबांच्या मध्ये उभी राहते. हे सांगताना माझा आवाज थोडा चढतो, असं माझी एक मैत्रीण म्हणते. चढत असेल.

आम्ही मुठा खोऱ्यातल्या. घरची भातशेती, गोठ्यात म्हशी. आप्पा रोज पहाटे गाडीला दुधाच्या किटल्या बांधून भूगावच्या सोसायट्यांमध्ये रतीब घालायला जायचे, अजूनही जातात. तरुणपणी ते कुस्ती खेळायचे. त्यांचे दोन्ही कान मोडलेले आहेत, त्यामुळे अनोळखी माणूससुद्धा त्यांना पैलवान म्हणून हाक मारतो.

बहीण लहानपणापासून उंच आणि लांब हातांची. भाताच्या लावणीला बांधावरून रोपांच्या जुड्या खाचरात फेकतात, आणि त्या झेलून बायकांच्या हातात द्यायचं काम तिच्याकडे असे. चिखल गुडघ्यापर्यंत, पाय उचलायची सोय नाही. ती जागेवरूनच कमरेत वाकून, हात ताणून जुडी पकडायची. तिच्या हातून जुडी निसटून पाण्यात पडलेली मला आठवत नाही. पण तेव्हा त्यात कुणाला काही विशेष वाटलं नव्हतं, मलाही नाही.

भात कापून झालं की खाचरं वाळायची आणि त्यात आम्ही पोरं फुटबॉल खेळायचो. शाळेत नवे आलेले खेळाचे सर चेंडू घरी न्यायला द्यायचे. मी जोरात लाथ मारायची, त्यामुळे गोल मारणारी मी. गोलात उभं राहायला कुणी तयार नसे, म्हणून तिला उभं केलं. पहिल्याच दिवशी मी मारलेला चेंडू तिनं छातीवर घेतला. ती दोन पावलं मागे गेली, खाली बसली, आणि उठून चेंडू माझ्याकडे टाकत म्हणाली, "ताई, परत मार."

त्या हिवाळ्यात आणि पुढच्या कितीतरी हिवाळ्यांत मी मारत राहिले. शाळेतून आल्यावर, चहा व्हायच्या आत, अंधार पडेपर्यंत. मला फुटबॉलची फार आवड होती असं नाही. ती अडवायची कशी, हे बघायला मला आवडायचं. मी मारलेला चेंडू आता नक्की आत जाणार असं वाटे, आणि कुठून तरी तिचा हात यायचा.

खाचरात भाताची धसकटं उभी असायची. त्यावर अंग झोकून देणं म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. एकदा न्हाणीत आईनं तिची कंबर बघितली आणि मला हाक मारली. उजवी बाजू मांडीपर्यंत काळीनिळी झाली होती, वर ओरखडे. आई रागावली नाही, घाबरली. जेवताना तिनं आप्पांना सांगितलं.

"पोरीचं अंग सोलून निघालंय. तो खेळ बंद करा."

आप्पांनी घास संपवला. मग बहिणीला म्हणाले, "कशी पडतीस? दाव."

ती ताटावरून उठली आणि तिनं ओसरीवर आडवं पडून दाखवलं. आप्पांनी मान हलवली.

"आधी ढोपर टेकतीस तू. म्हणून लागतंय. अंग गोल करायचं. आधी पोटरी, मंग मांडी, मंग बाजू, मंग खांदा. ढोपर लांब ठेव."

"बंद करा म्हनले मी," आई म्हणाली.

"ऐकलं. पडायचंच असंल तर नीट पडू दे की."

गावच्या तालमीत मुलींना उतरू देत नसत, आणि त्यावरून गावाशी भांडत बसणं आप्पांच्या स्वभावात नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांनी गोठ्यामागची जागा खणली, ट्रॉलीभर लाल माती आणून टाकली, खडे वेचले, तेल, ताक, हळद घालून माती मळली. तालमीत असतो तसा छोटा हौदा तयार झाला. त्यात ते तिला डावीकडे पाडायचे, उजवीकडे पाडायचे, आणि मी कडेला उभी राहून हातानं चेंडू फेकायची. एकदा मातीत बसल्या बसल्या ते हसले.

"आमच्यात पाठ टेकली की माणूस हरला. हिचं उलटं हाय. हिला पडल्याबिगर जिंकताच येत न्हाई."

महिन्याभरात आईच दुधाचं पातेलं विसळायला तिकडं येऊ लागली. उगाच.

दहावीच्या आधी सरांनी आप्पांना शाळेत बोलावून सांगितलं, "हिला पुण्याला निवड चाचणीला पाठवा." आप्पांनी स्वतः गाडीवरून नेलं. मी मागे, बहीण मध्ये. मैदानावर शहरातल्या मुली होत्या. त्यांच्याकडे चांगले हातमोजे होते, बुटांच्या पिशव्या होत्या. बहिणीनं सरांचे जुने हातमोजे घातले होते आणि ते तिला मोठे होत होते. निवड करणाऱ्या बाईंनी तिला दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा झेप घ्यायला लावली आणि मग जवळ बोलावलं.

"अशी पडायला कुणी शिकवलं?"

"वडिलांनी. घरी."

"ते फुटबॉल खेळतात?"

"न्हाई. दूध घालतात," बहीण म्हणाली. बाईंनी वळून कुंपणापाशी उभ्या आप्पांकडे बघितलं, त्यांचे कान बघितले आणि त्यांना सगळं समजलं असावं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी आप्पांना नमस्कार केला.

निवड झाली, ती वसतिगृहात गेली. एक चुलते घरी येऊन म्हणाले, "पोरीला कुटं धाडतोस? उद्या हातपाय मोडला तर हिला करून कोन घेनार?"

आप्पा गोठ्यात धार काढत होते. मान वर न करता म्हणाले, "माझे दोन्ही कान मोडले. माझं लगीन झालंच की."

मधली वर्षं मी थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आणि करण्यासारखं जास्त होतं. ती वयोगटाच्या संघांत खेळली. मी पदवी घेऊन हिंजवडीत नोकरीला लागले आणि जवळच जांब्यात खोली घेतली. मग एक दिवस तिचा फोन आला, की एका क्लबनं तिला करार देऊ केला आहे. आईला करार म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आई म्हणाली, "म्हंजी नोकरीच की. मंग बरं झालं." आणि रात्रीच्या जेवणाला तिनं पुरण घातलं.

त्या क्लबात ती तिसरी गोलकीपर होती. तिसरी गोलकीपर म्हणजे सगळा सराव करायचा, सगळीकडे संघाबरोबर जायचं आणि खेळायचं नाही. पूर्ण हंगाम ती खेळली नाही. गावातले विचारायचे, "टीव्हीवर कवा दिसनार?" आप्पा म्हणायचे, "दिसंल." दुसऱ्या हंगामात मुख्य गोलकीपरच्या खांद्याला दुखापत झाली, दुसरी आजारी पडली, आणि हिचा नंबर लागला.

त्या दिवशी आमच्या ओसरीवर अर्धी आळी जमली होती. मी मोबाइल टीव्हीला जोडून दिला. सामना सुरू झाला आणि आमच्या मुलीनं चार गोल खाल्ले. दुसऱ्या गोलानंतर पोरांनी बोलणं थांबवलं. तिसऱ्यानंतर शेजारचे काका "म्हशी बघाय पायजेत" म्हणून उठले. शेवटी आईनं सगळ्यांना चहा दिला. आधीच ठेवला होता, तो वाया कशाला घालवायचा. कुणी काही वाईट बोललं नाही, तेच जड गेलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. मी शब्द जुळवून ठेवले होते. होतं असं, पहिलाच सामना, वगैरे. तिनं मला बोलूच दिलं नाही.

"ताई, तिसरा गोल बघितलास?"

"बघितला."

"तुला काय दिसलं?"

मी इतकी वर्षं तिच्यावर चेंडू मारले होते. मला दिसलं होतं. "तू आधीच उजवीकडे झुकलीस," मी म्हणाले.

"किती आधी?"

"मारणारीनं पाय उचलला पण नव्हता."

"हां. मलाही तेच वाटत होतं. घाई होतेय माझी." मग तिनं फोन आईला द्यायला सांगितलं आणि आईशी ती म्हशींबद्दल बोलली. नंतर रडली असेल तर मला माहीत नाही. मला इतकंच माहीत आहे, की चार गोल खाल्लेल्या संध्याकाळी तिनं पहिला प्रश्न कामाचा विचारला, आणि फोन ठेवल्यावर आप्पांना हे सांगताना माझा आवाज चढला होता.

उरलेला हंगाम तिला पुन्हा बाकावर बसवलं. सुट्टीत घरी आली तेव्हा मला वाटलं, आता आराम करेल. तिनं भूगावला एक टर्फ शोधून ठेवलं होतं, पाण्याच्या टाकीशेजारी जाळी लावलेलं हिरवं मैदान. सकाळी ती गावाहून आप्पांबरोबर दुधाच्या गाडीवरून यायची आणि मी जांब्याहून. माझ्या पायांची सवय कधीच सुटली होती. पहिल्या दिवशी चेंडू जाळीवरून बाहेर गेला आणि कुणाच्या तरी बंगल्याचं कुत्रं भुंकत राहिलं. तिनं दुसरा चेंडू टाकला.

"मला उभं राहायला शिकायचंय," तिनं सांगितलं. "तुझा पाय चेंडूला लागेपर्यंत मी हलणार नाही. आधी हलले तर सांग."

मी सांगायची. सुरुवातीला बऱ्याचदा सांगावं लागायचं. "हललीस." "आता पण हललीस." मग कमी, मग क्वचित.

एके सकाळी आमच्या नंतरची वेळ घेतलेली कुठल्याशा कंपनीतली मुलं लवकर आली. बाहेर उभी राहून बघत होती. त्यातला एक, चांगला खेळणारा वाटत होता, जाळीपाशी येऊन म्हणाला, "दीदी, हम भी दो-चार शॉट मारें?"

"मारो ना," ती म्हणाली.

आळीपाळीनं सगळ्यांनी मारले. पहिल्यांदा ते हळू मारत होते, बाईमाणूस म्हणून सांभाळून. तिनं ते नुसते पकडून परत टाकले. मग त्यांनी जोर लावला. वर, खाली, कोपऱ्यात. तिनं सगळं अडवलं. पोरं आधी हसत होती, मग एकमेकांना सांगायला लागली की कुठं मार. शेवटी त्या पहिल्या मुलानं खांबाला घासून खालून एक चेंडू आत घातला. बाकीच्यांनी आरडाओरडा केला.

"बहुत अच्छा मारा," बहीण म्हणाली. "वहीं मारो फिर से."

त्यानं तिथंच मारला. तिनं तो अडवला. मुलानं घाम पुसत मला विचारलं, "ये कौन है?" मी सांगितलं. मग त्यांनी तिच्याबरोबर फोटो काढले आणि मी उशिरा कामावर पोचले, तेही उगाच सगळ्यांना कारण सांगत.

पुढच्या हंगामाच्या मध्यात तिला पुन्हा संधी मिळाली आणि या वेळी जागा तिनं सोडली नाही. आम्ही तिघं एक सामना बघायला गेलो. आप्पांनी दुधाचा रतीब पहिल्यांदाच चुलत्यांवर सोपवला, त्याच चुलत्यांवर. तेही लगेच तयार झाले, म्हणाले, "पोरीची मॅच हाय तर जायालाच पायजे."

सामना शून्य-शून्यवर अडला होता. शेवटच्या काही मिनिटांत आमच्या बचावातली एक मुलगी घसरली आणि समोरच्या संघाची खेळाडू चेंडू घेऊन एकटीच गोलाकडे निघाली. बहीण पुढे आली आणि थांबली. हात पसरले, गुडघे वाकवले, नजर चेंडूवर. ती खेळाडू डावीकडे गेल्यासारखं करते, उजवीकडे गेल्यासारखं करते, आणि ही आपली उभी. शेवटी तिला मारावंच लागलं. बहिणीचा डावा हात गेला, चेंडू बोटांना लागून खांबावर आपटला आणि परत आला तो हिनं पोटाखाली घेतला.

आजूबाजूचे सगळे उभे राहिले. आप्पा बसूनच होते, पुढच्या लोखंडी कठड्याला धरून. "हलली न्हाई," ते हळूच म्हणाले. "बघितलंस का? हलली न्हाई."

सामना बरोबरीत संपला. गोल न खाता संपला. आप्पांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थांच्या हाताला स्पर्श केला. त्यांची हिंदी बेताचीच.

"वो गोलकीपर. मेरी लडकी हाय."

त्या गृहस्थांनी आधी बहिणीकडे बघितलं, मग आप्पांकडे, आणि उठून दोन्ही हातांनी त्यांचा हात हातात घेतला. मागच्या रांगेतल्यांना सांगितलं. मग तेही हात मिळवायला वाकले. त्यानंतर कितीतरी वेळ माणसं येत होती आणि आप्पा प्रत्येकाचा हात धरून नुसती मान हलवत होते. आई माझ्या कानात म्हणाली, "यांना पानी दे गं."

आता ती त्या संघाची पहिली गोलकीपर आहे आणि क्लबनं करार वाढवला आहे. एक बोट वाकडं झालंय, ते सरळ होणार नाही असं डॉक्टर म्हणाले. तिला त्याचं काही वाटत नाही. आईला वाटतं.

सध्या ती सुट्टीवर घरी आहे. ऊन ओसरीवर येईपर्यंत झोपते. तोवर आई कुकर लावत नाही आणि दुधाच्या रिकाम्या किटल्या कुणाला वाजवू देत नाही. काल मी आले तर आईनं दारातच बोट ओठांवर ठेवून मला थांबवलं. "हळू," म्हणाली, "ती निजलीय." मी चपला हातात घेतल्या आणि आत गेले.