आत्या येईपर्यंत

सिरसाळ्याच्या सारजाबाईला आनंद पचत नाही. शेळी व्याली तरी ती गल्लीभर गूळ वाटते; आज तर सून बाळंत झालेली. सकाळपासून ती दवाखान्यात नुसती भिरभिरत होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिने दोनदा पेढा भरवला आणि मग विचारलं, "तुमी कोनाच्या हो?"

"बघा, माझा नातू कसा हात हालवतुय! आल्या आल्या हलगी वाजवाया लागला!"

नातू लहानखुरा, पण शांत. सून प्रियदर्शनी त्याला छातीशी घ्यायला गेली की सारजाबाई अडवायची. घरची रीतच तशी. बाळाच्या आत्याने यायचं, आईची छाती धुवायची, मानाची साडी घ्यायची, मगच पहिलं दूध. आत्या म्हणजे सारजाबाईची लेक स्वप्ना. ती तेलगावहून निघाली होती आणि उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकली होती.

नर्स वैष्णवी आली. ती हलगी पाहून तिला हसू आलं नाही. तिने बाळाचा थरथरणारा हात धरला; तळवे गार. गालाला बोट लावलं, पण त्याने तोंडही वळवलं नाही.

"मावशी, याला दूध कधी पाजलं?"

"आत्या आली की पाजू. लई गुणाचं हाय, मागतच न्हाई."

"मागायला अंगात त्राण कुठंय? साखर उतरली की बाळ असंच थरथरतं, गार पडतं, गुंगीत जातं."

तिने टाचेला टोचून थेंबभर रक्त तपासलं. साखर खरंच फार कमी होती. डॉक्टरांनी धावत येऊन बाळाच्या गालाला आतून साखरेची जेल चोळली. "लगेच आईचं दूध द्या. साखर चढली नाही तर सलाईन लावावी लागेल."

सारजाबाईचं तोंड एवढंसं झालं. तिने फोन लावला.

"स्वप्ने, कुठं हायस?"

"ट्रॅक्टरच्या मागंच! माय, माझ्याबिगर पाजू नका बरं!"

"बाळाची साखर उतरलीय बाई! तुला पैठणी घेते, पर आता थांबायचं न्हाई!"

"आगं, मग कावून फोन करत बसलीस? पाज की!" आणि क्षणभराने, "पैठणी जांभळी घे."

सारजाबाईने स्वतःच ओलं फडकं फिरवलं नि बाळ सुनेच्या छातीला लावलं. ते ओढेना. वैष्णवीने चीक वाटीत पिळून घेतला आणि चमच्याने थेंब थेंब सोडला. एक घोट गेला. मग दुसरा. थोड्या वेळाने छातीला लावलं, तर पठ्ठ्या चुटूचुटू ओढू लागला! प्रियदर्शनी रडता रडता हसली. सारजाबाईने मात्र अजून पेढ्याला हात लावला नव्हता.

पुन्हा टोचलं. यावेळी बाळाने पाय ओढून असा टाहो फोडला की अख्खा वॉर्ड वळून बघू लागला.

"चढली, मावशी!"

सारजाबाईने वैष्णवीला कवेत घेऊन उचललंच नि गरागरा फिरवलं.

"अहो मावशी! दर दोन तासांनी पाजायचं... साखर परत तपासायची... पण आधी मला खाली ठेवा!"