एका सहीसाठी चार तास

त्या दुपारचा वैताग निवृत्तीनंतरही गेलेला नाही. वऱ्हाडातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. जिल्ह्याचं नाव मुद्दाम टाळतो.

आंतरराष्ट्रीय बालहक्क संस्थेचे परदेशी पाहुणे शहरात येणार होते. निम्मी माणसं त्या बंदोबस्तात. सकाळीच ठाण्यात एका बाईचा फोन आला, "दहावीतल्या पोरीचं आज लगन लावून राहिले. लवकर या." गावाचं नाव सांगून तिनं फोन ठेवला.

स्टेशन डायरीत नोंद करून महिला शिपायासह निघालो. मांडव पडला होता, नवरदेव मूर्तिजापूरकडून यायचा होता. मुलीच्या बापानं आधार कार्ड पुढं केलं. "एकोणीस वर्साची हाय, साहेब. कागद पाहा ना."

कागद चोख होता. अशा वेळी मी कागद सोडून घरातलं विचारतो.

"मोठं लेकरू कोणतं?"

"पोरगा. बारावीत हाय."

"वय?"

"सतरा लागलं."

"मोठा सतराचा, अन् धाकटी एकोणीसची?"

त्यानं कार्ड परत खिशात घातलं. शाळेच्या दाखल्यावर मुलगी पंधराची निघाली. जीपजवळ तिची आई हळूच म्हणाली, "फोन मीच केलता. पोरीच्या बापाले सांगू नका." तिचा नवरा आज हयात नाही, म्हणून लिहितो.

मुलगी घरी राहायला तयार नव्हती. तिला बालकल्याण समितीपुढं हजर करायचं होतं. कार्यालयाला कुलूप. सगळे सदस्य पाहुण्यांच्या कार्यक्रमात.

दोन वाजता मुलीला घेऊन सभागृहाबाहेरच्या बाकावर बसलो. तिला बालगृहात ठेवायला एका सदस्याची सही पुरेशी होती. तीनदा निरोप पाठवला, तीनदा "थांबा" आलं. आत मुलांचं म्हणणं ऐकून घेण्याच्या हक्कावर भाषण चाललं होतं. लाउडस्पीकरमुळं तिला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, उद्या माहा गणिताचा पेपर हाय," ती म्हणाली. "पुस्तक घरीच राह्यलं."

महिला शिपायानं ओळखीच्या घरून पुस्तक आणलं. पोर बाकावरच गणितं सोडवत बसली.

सहाला एक सदस्य बाहेर आले. "उद्या सकाळी नसतं का चाललं?"

"सकाळी तिचा पेपर आहे," मी म्हणालो.

त्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. रात्री ती बालगृहात राहिली, सकाळी पेपरला गेली आणि पुढं पासही झाली.

बालहक्कांच्या करारावर जगातल्या बहुतेक सगळ्या देशांनी सह्या केल्यात. त्याबद्दल आदरच आहे. पण त्यानंतर जिथं बदली झाली, तिथं रुजू होताच मी समितीच्या प्रत्येक सदस्याच्या घरचा पत्ता आधी लिहून घेतला. त्या प्रकरणातून मी शिकलो ते एवढंच.