मुकुटबनच्या बंडीतले ब्रेक

महिन्याभरात ब्रेक दुरुस्त करा, नाहीतर गाडी विका, असं आईनं नानांना सांगितलं आणि त्यामुळेच आम्ही निघालो. बासष्ट-त्रेसष्टचा हिवाळा असावा. यवतमाळला मुलींच्या शाळेत शिकवायला लागून मला दोन वर्षं झाली होती. नाना, म्हणजे माझे वडील, कोर्टात वकिली करायचे.

गाडी होती विलायती, दोन सीटांची, उघड्या टपाची, मुळात शर्यतीच्या जातीची. वणीकडच्या एका खाणीवरचा साहेब देश सोडून निघाला, तेव्हा नानांनी ती त्याच्याकडून घेतली. पंधरा वर्षांची म्हातारी, पण मोकळा रस्ता मिळाला की अजूनही सुसाट सुटायची. नानांनी मला तिच्यावरच चालवायला शिकवलं. पुढे पुढे तर ते मलाच चालवायला सांगत आणि स्वतः शेजारी बसत. अशिलांचे विचार करायला वेळ मिळतो, म्हणायचे.

दिवाळीनंतर एका सकाळी उतारावर मी ब्रेक दाबला आणि पायडल सरळ खाली टेकलं. समोर कापसानं भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, होती. आम्ही त्या कापसात घुसलो. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण गावभर झालं.

करीमभाई मेकॅनिकनं चाकं उघडली. पुढच्या एका चाकातल्या ड्रमला, ब्रेक ज्याला आतून घासतो त्या लोखंडी वाटीला, तडा होता आणि दोन्ही पुढच्या चाकांचे सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबानं ब्रेक लावणाऱ्या छोट्या नळ्या, आतून खाल्ले गेले होते. रबर मी जीपचं बसवतो, तो म्हणाला, पण लोखंड कुठून आणू? मुंबईच्या दुकानदाराचं पत्र आलं. भाग परदेशातून मागवावे लागतील, तीनशेच्या वर जातील, कधी येतील ते सांगता येत नाही. माझा पगार तेव्हा नव्वद रुपये होता.

मग करीमभाईलाच आठवलं. खाणीवरच्या साहेबांनी अशा दोन गाड्या आणल्या होत्या. दुसरी मारेगावच्या एका जिनिंगवाल्याकडे गेली होती. तिचा जुना ड्रायव्हर अजून तिथंच राहतो.

शनिवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. फुटका ड्रम नमुना म्हणून गोणपाटात बांधून घेतला होता. कंडक्टरनं त्याचं वेगळं तिकीट फाडलं. नानांनी वाद घातला नाही, याचं मला नवल वाटलं. आज तुम्ही कारनं जाल तर दुपारच्या जेवणाला वणीत पोचाल. आम्हाला पांढरकवड्याला गाडी बदलून, करंजीच्या फाट्यावर दोन तास बसून, मारेगावला पोचायला चार वाजले. फाट्यावरच्या हॉटेलात आलूबोंडे खाल्ले आणि गुळाचा चहा घेतला. दोन्हीकडे कापूस फुटलेला. वेचणीच्या बायका ओटीत कापूस भरून वाकलेल्या. या बाजूला यायचं तर याच दिवसांत या. उन्हाळ्यात काही दिसत नाही, नुसती झळ लागते.

ड्रायव्हर ओसरीवर विडी ओढत बसला होता. गाडीचं नाव काढताच त्यानं विडी विझवली. मालक वारल्यावर पोरांनी ती मोडीत काढली, म्हणाला. पत्रा लोहारानं नेला. इंजिनावर कुणीतरी विहिरीचं पाणी उपसलं. आणि चाकांचा पुढचा आस? नानांनी विचारलं.

"तो तांड्यावर गेला साहेब. मुकुटबनच्या पल्याड. फुलसिंग नाईकानं बंडीले लावला. टायरची बंडी हाय त्याची, लय पयते."

रात्रीचा मुक्काम त्याच्याच घरी झाला. ज्वारीची भाकर, तुरीच्या दाण्यांची आमटी आणि ठेचा. पैसे त्यानं घेतले नाहीत. पोरांनी अशी वस्तू जपली असती तर, असं काहीसं मालकाच्या पोरांबद्दल पुटपुटत तो झोपी गेला.

दुसऱ्या दिवशी वणीवरून मुकुटबनला जाणारी एकच गाडी. तिथून बंजाऱ्यांचा तांडा तीन मैल, पायी. गोणपाट मी खांद्यावर घेतलं होतं. नाना माझ्या दुसऱ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. वय झालं, मी मनात म्हटलं, आणि थोडी सुखावलेही, कारण नाना सहसा कोणाचा आधार घेत नसत.

फुलसिंग नाईक पन्नाशीचा, गळ्यात चांदीची साखळी. त्याच्या आज्यानं याच वाटेनं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेलं होतं. आता त्याची स्वतःची वीस एकर होती आणि मीठ नसलं तरी कापूस वणीच्या बाजारात तोच न्यायचा, सगळ्यांच्या आधी. बंडी अंगणातच उभी होती. मी वाकून चाकांकडे पाहिलं. हुबेहूब आमच्या गाडीची चाकं, आणि पुढे बैलांचं जू.

आम्ही काय मागतोय ते कळल्यावर तो आधी हसला, मग गंभीर झाला. ड्रम काढला की चाक कशावर फिरणार? वेचणीचे दिवस, बंडी एक दिवस थांबली तरी नुकसान. त्याची बायको धरमीबाई दारात उभी राहून मान हलवत होती. एवढ्या लांब येऊन रिकाम्या हातानं परतायचं, असं मला वाटू लागलं.

तेव्हा नाना जमिनीवर बसले. त्यांनी आमचा ड्रम गोणपाटातून काढला आणि पान्यानं वाजवला. ठप्प आवाज आला. मग सरकत सरकत बंडीच्या चाकापाशी जाऊन तिथला वाजवला. तो घंटेसारखा घुमला.

"नाईक, तुमचा ड्रम मला द्या, माझा तुम्ही लावा. तडा गेलाय, पण तडा ब्रेक दाबल्यावरच नडतो. तुम्ही ब्रेक दाबता का कधी?"

फुलसिंगनं बैलांकडे पाहिलं.

"बैलाले बिरेक कायले लागते," तो म्हणाला.

तिथून काम सरळ झालं. बंडीखाली ओंडका घालून चाक उचललं. सिलिंडर गंजलेले होते, पण आतून कोरे. धूळ आणि शेण यांनी बाहेरून लिंपून ते जणू जपून ठेवले होते. नाना प्रत्येक नळीत करंगळी घालून फिरवत होते. धरमीबाईनं भाव केला, लोखंडाचे पंचवीस रुपये, आणि आमचा ड्रम बसवून बंडी चालून दाखवल्यावरच पैसे घेईन, म्हणाली. बंडी चालली.

हात धुवायला ती मला विहिरीवर घेऊन गेली. पाणी ओतता ओतता हळूच म्हणाली, "बाई, तुया बापाले दिसत नाई. तुले माईत हाय ना?"

मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. तिनं कळशी उचलली आणि माझ्याआधीच अंगणात गेली. मी परत आले तेव्हा तिनं नानांसमोर पाण्याचा तांब्या ठेवला होता, आणि नानांचा हात त्याच्या बाजूनं दोनदा गेला.

फुलसिंगनं आम्हाला त्याच बंडीतून मुकुटबनला सोडलं. वणीवरून पुढच्या एसटीत मी नानांना खिडकीजवळ बसवलं. बराच वेळ धीर झाला नाही. मग विचारलं, बाहेर काय दिसतंय?

"कापूस," नाना म्हणाले. "यंदा चांगलाय."

बाहेर सागाचं जंगल होतं.

मी त्यांचा हात हातात घेतला. त्यावरूनच त्यांना कळलं असावं. ते म्हणाले, "कडेचं गेलं, कुमुद. समोरचं आहे थोडं, तेही धूसर, नळीतून पाहिल्यासारखं. नागपूरचा डॉक्टर म्हणतो, तेही दीड-दोन वर्षंच राहील. तुझ्या आईला कळलं तर गाडी उद्याच जाईल."

घरी पोचल्यावर नाना आंघोळीला गेले आणि मी आईला सगळं सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती. हात थांबला नाही. तिला वर्षभरापासून ठाऊक होतं. एखाद्या दिवशी ते एकटेच गाडी काढतील, याचीच तिला भीती होती, म्हणून विकायचा धोशा. "तू चालवशील कायम?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. गाडी राहिली.

करीमभाईनं आठवड्यात ब्रेक बसवले. पहिल्याच रविवारी नाना म्हणाले, पैनगंगेकडे घे. मी निघाले. दोन मैलांवर त्यांनी विचारलं, डावीकडे काय आहे? मी म्हटलं, शेत. ते म्हणाले, असं नाही. कसलं शेत, किती वाढलंय, कोण आहे त्यात, सावली कुठे पडलीय?

मग मी वेग कमी केला आणि सांगू लागले. दीड वर्ष, जवळजवळ प्रत्येक रविवारी. बाभळीचा पिवळा, ओढ्याचा ओला करडा, डोक्यावर गवताचा भारा घेऊन वळून पाहणारी बाई. चुकलं, किंवा उगाच सजवलं, तर नाना लगेच थांबवायचे. शेवटी शेवटी त्यांना काहीच दिसत नव्हतं, तेव्हाही ते मान त्या त्या बाजूला वळवून बसत.

नंतर गाडी गेली, नानाही गेले. इथे ब्लॉगवर वाचक कधी कधी विचारतात, तुम्ही प्रवासाचं लिहायला कुठे शिकलात. शाळेत नाही. शेजारच्या सीटवर एक माणूस बसलेला होता, त्याला रस्ता दिसत नव्हता, आणि त्याला तो पाहायचा होता.